डोंगर नाही गावाला, सायकल निघाली नेपाळला!

अहो, ऐकलंत का? चेन्नईत राहून माणसाला कसले डोहाळे लागावेत याला काही धरबंधच उरला नाही बाई! डोंगर म्हणून या शहरात दाखवायचा तर सेंट थॉमस माउंट. उंची तीनशे फुटांच्या आसपास. रोज पर्वती चढणारा पुणेकर तर त्याला डोंगर म्हणायलाही तयार होणार नाही. बाकी सगळा मुलूख पोळपाटासारखा सपाट. आणि अशा गावातली आमची मराठी मंडळी गणपतीच्या आरतीनंतर, हातावरचा प्रसाद संपायच्या आत, बोलतात कशाबद्दल? माउंटन बाइकिंग! तेही परदेशात!

परवापरवापर्यंत सगळं सभ्य होतं. रविवारी पहाटे साडेचारला निघायचं, ईसीआर म्हणजे ईस्ट कोस्ट रोड धरून महाबलिपुरमकडे जायचं, वाटेत पोंगल-वडा आणि वर फिल्टर कॉफी, ऊन चढायच्या आत घरी. जेवढं वजन उतरलं तेवढं न्याहारीत भरून यायचं, बायकोची तक्रार नाही, डॉक्टरांचीही नाही. आता समुद्रकाठचा रस्ता म्हणे ‘फारच फ्लॅट’. मग हे लोक चढाचा सराव म्हणून उड्डाणपुलावर जातात. चढायचं, उतरायचं, वळायचं, पुन्हा चढायचं. खालचा रिक्षावाला थांबून विचारतो, ‘सार, वळी तेरियलैया?’ वाट चुकलात का म्हणून. त्याचं काय चुकलं हो?

आमचे काका मात्र या मंडळींवर वेगळ्याच कारणाने चिडलेत. ते म्हणतात, १९२३ साली मुंबईहून सहा पारशी पोरं सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाली. त्यातली हकीम, बापासोला आणि भुमगरा ही तिघं ती पुरी करून १९२८ मध्ये परत आली. त्यांनी कुठे विचारलं होतं, टायर सव्वादोन इंची घेऊ की अडीच? आणि हर्क्युलिस बनवणारी टीआय सायकल्स याच गावची, अंबत्तूरची! तरी यांना फ्रेम हवी तैवानची, ब्रेक जपानचे आणि किंमत सांगायची तर आधी बायको माहेरी गेलीय याची खात्री करून घ्यायची.

काकांना कोण सांगणार की या माउंटन बाइकिंगच्या खुळाचा उगम काही फार सोवळा नाही. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६च्या सुमारास काही झिपरी पोरं भंगारातल्या जाड्या सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली यायची. ब्रेक इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’. वीस वर्षांत हाच उद्योग अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. झिपऱ्यांचे दिवस फिरतात ते असे!

असो. आमच्या इमारतीतल्या आठव्या मजल्यावरच्या जावईबापूंकडे वळू, खरी गंमत तिथे आहे. आधी आल्प्स ठरलं होतं. मग शेंगेन व्हिसा, त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे कागद... बँकेचे कागद काढल्यावर आल्प्स आपोआप रद्द झालं. मग भूतान. तिथे भारतीयाला रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क. शेवटी नेपाळ. व्हिसा नको, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. बायकोला ‘परदेश’ सांगायचं आणि आईला ‘इथेच जवळ’, दोन्ही खरं!

बेत असा: पोखऱ्याहून जोमसोमला जायचं, तिथून सायकलने मुक्तिनाथ. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण चढ हजार मीटरचा, आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. शिवाय काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारकडे असा वारा सुटतो की सायकल जागची हलत नाही. म्हणून सगळं पहाटेच उरकायचं. परतताना मार्फा नावाचं गाव लागतं, सफरचंदांसाठी प्रसिद्ध. ‘फळं खाऊन येऊ,’ असं जावईबापू सासूबाईंना सांगत होते. त्या सफरचंदांची तिथे ब्रँडी करतात, हे मात्र मी सांगितलं. कोणीतरी सांगायला नको का?

तयारी बघाल तर थक्क व्हाल. हॉलमध्ये सायकल उघडून पडलीय. पेडल काढलेली, हँडल वळवलेलं, टायरमधली हवा सोडलेली, सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात २३ किलोंत बसवायचं. परतताना विमानतळावर ‘ही परदेशातून आणली का?’ असं कोणी शुल्क मागू नये म्हणून जाताना कस्टम्सकडून सायकलच्या नावाने कागद करून घ्यायचा. लेकाच्या जन्मदाखल्यासाठी एवढी धावपळ केली नव्हती हो यांनी! टूथब्रशचा दांडा अर्धा कापलाय, वजन वाचावं म्हणून. स्वतःचं पोट मात्र तिकिटातच धरलेलं.

आणि ती गादीवाली चड्डी! दोरीवर वाळत होती तेव्हा समोरच्या वहिनींना वाटलं बाळाची आहे. तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं म्हणे, घासतं म्हणून. ही माहिती जावईबापूंनी चार बायकांसमोर, हातात चकलीची बशी घेऊन दिली. शिव शिव!

पण खरा स्फोट शेजारच्या अय्यंगार मामींनी केला. मुक्तिनाथ हे विष्णूच्या १०८ दिव्यदेशांतलं एक, आणि काली गंडकी म्हणजे शाळिग्रामांची नदी. ‘मुक्तिनाथला? सायकलवर?’ असं म्हणून मामी दारातच बसल्या. आम्हाला वाटलं, आता धर्म बुडाला. तर त्यांनी यादीच सांगितली. देवळामागच्या १०८ धारांखाली एकेक करून स्नान झालंच पाहिजे, एकही चुकवायची नाही. आणि येताना चार शाळिग्राम, बरे वजनदार बघून.

जावईबापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. अर्धा दांडा कापून वाचवलेले ग्रॅम एका फटक्यात गेले. धीर करून म्हणाले, ‘मामी, वजनाची अडचण आहे.’

‘मग राहू दे,’ मामी म्हणाल्या. त्यांचंही यात्रा कंपनीचं बुकिंग झालंय, त्याच आठवड्यातलं. जोमसोमपासून जीपने. वर पोचायला तासाच्या आसपास. पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा बरोबर असणारच आहे, याच्या वाटणीचा बाजूला काढून ठेवतील, फक्त सायंकाळच्या आत पोच, म्हणाल्या.