'एम'वाले व्हा! (फक्त नवशिक्यांसाठी)

नवा कॅमेरा घेतल्याबद्दल अभिनंदन. किती महिन्यांच्या हप्त्यांवर घेतला ते विचारत नाही. घरी सांगितलेली किंमत आणि बिलावरची किंमत यांचा मेळही घालत बसत नाही. बॅग, जादा बॅटरी, लेन्स पुसायचं फडकं, सगळं आलं ना? मग आता एकच निर्णय उरला. फोटो कशाचे काढायचे हा नव्हे, ते पुढं कधीतरी सुचेल. कॅमेऱ्याच्या डोक्यावरची ती गोल डायल कुठं ठेवायची, हा.

डायलवर हिरवा ऑटो असतो. त्याच्याकडं पाहूसुद्धा नका, तो तुमचा फोटो काढायला उभ्या केलेल्या मेहुण्यासाठी आहे. तुमची खरी पंचाईत दोन अक्षरांत आहे. 'ए' म्हणजे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, कॅननवर हाच 'एव्ही': लेन्सचं भोक किती उघडायचं ते तुम्ही ठरवायचं, त्याला साजेसा शटर स्पीड कॅमेरा लावतो. आणि 'एम' म्हणजे मॅन्युअल: दोन्ही तुम्हीच ठरवायचं. 'ए'मध्ये फोटो बरे येतात. 'एम'मध्ये मान मिळतो. तुम्हाला यातलं काय हवं आहे ते आम्ही ओळखलं आहे. चला तर.

१. आधी बोलायला शिका.

फोटोवॉकला शनिवारवाड्यापाशी जमलेल्या घोळक्यात कुणीतरी विचारणारच, "कुठल्या मोडवर काढता?" उत्तर देण्याआधी थोडं थांबा. कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावर नीट करा. मग, जणू विचारायची गरजच नव्हती अशा सुरात म्हणा, "मॅन्युअल. पहिल्यापासून." गिअरची गाडी चालवणारा ऑटोमॅटिकवाल्याकडं जसा पाहतो तसं पाहिलंत तर उत्तम. समोरचा 'ए'वाला असेल तर खजील होऊन स्वतःच सांगू लागतो, "मीपण शिकतोय हळूहळू." त्याच्या खांद्यावर हात ठेवा. फोटो मात्र दाखवू नका.

२. काटा शून्यावर आणा.

हा या विद्येचा गाभा आहे, म्हणून सावकाश वाचा. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली एक बारीक पट्टी दिसते: मधे शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. समोर प्रकाश किती आहे हे कॅमेऱ्यातला मीटर मोजतो आणि तुमचं भोक, तुमचा शटर आणि तुमचा आयएसओ मिळून फोटो किती उजळ किंवा काळा होईल ते या पट्टीवर सांगतो. तुम्ही चाकं फिरवायची आणि काटा शून्यावर आणायचा. ढग आला, पुन्हा फिरवायची. ढग गेला, पुन्हा. तेवढ्यात समोरचं पोर आईच्या कडेवरून उतरून दिसेनासं झालं तर मनाला लावून घेऊ नका, काटा शून्यावर आहे ना?

कुणी चोंबडा इथं म्हणेल की, "अहो, शून्य कुठं हे कॅमेऱ्यानंच सांगायचं आणि तुम्ही फक्त चाक फिरवत तिथं पोहोचायचं, तर 'ए' मोड हेच काम शटर दाबायच्या आत करतो!" त्याचं म्हणणं दुर्दैवानं खरं आहे. शून्याचा पाठलाग करणाऱ्या 'एम'मध्ये निर्णय कॅमेऱ्याचा असतो आणि मजुरी तुमची. म्हणूनच अशा माणसाशी वाद घालू नये. विषय लेन्सच्या किमतीकडं न्यावा.

३. ऑटो आयएसओ गुपचूप चालू ठेवा.

यानं 'एम'चे कष्ट एकदम हलके होतात. भोक तुमचं, शटर तुमचा, पण फोटो किती उजळ यायचा हे आयएसओ वरखाली करून कॅमेराच ठरवतो. डायल मात्र 'एम'वरच दिसते. सात-बारा तुमच्या नावावर, कसतो दुसराच. पद्धत म्हणून वाईट नाही, उडत्या पक्ष्यांसाठी तर फार उपयोगी आहे. भिगवणला होडीत बसून रोहित टिपणारे कित्येक जण हेच करतात. तुम्ही फक्त चारचौघांत 'ऑटो' हा शब्द उच्चारू नका.

४. वारीला जा.

पुण्याहून सासवडला जाताना माउलींची पालखी दिवे घाट चढते, त्या दिवशी घाटात कॅमेरे किती आणि वारकरी किती, असा प्रश्न पडतो. तुम्हीही जा. डोंगराच्या कडेला जागा धरा. समोरून एक म्हातारे बाबा येतील: पांढरं धोतर, पांढरा सदरा, वर पांढरा फेटा, कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का, गळ्यात वीणा. फेट्याच्या सावलीनं चेहरा निम्मा झाकलेला. ज्येष्ठातलं आभाळ दर दोन मिनिटांनी रंग बदलतंय.

आता मीटरची एक खोड सांगतो. समोरचं जग सरासरीनं मधल्या राखाडी रंगाचं आहे, असं मानून तो हिशेब करतो. चौकट पांढऱ्यानं भरली की त्याला वाटतं, उजेड फारच झाला, आणि तो फोटो दबवतो. पांढरं धोतर राखाडी होतं. काळ्या पाषाणाचं देऊळ चौकटभर घेतलं की उलटं: दगड फिकट पडतो. नवे कॅमेरे यात बरेच शहाणे झालेत, पण खोड पुरती गेलेली नाही. 'ए'वाला अशा वेळी अधिक-उण्याच्या बटणावर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन एक स्टॉप अधिक करतो, धोतर पुन्हा पांढरं होतं, आणि तो दिंडीबरोबर चालू लागतो. तुम्ही तसलं काही करायचं नाही. तुम्ही काटा शून्यावर आणायचा. धोतर राखाडीच येईल, पण ते तुम्ही स्वतःच्या हातांनी राखाडी केलेलं असेल.

एक सूचना. काटा जुळेपर्यंत "माउली, जरा थांबता का?" असं विचारायचा मोह होईल. बाबा हसून म्हणतील, "चालता चालता काढा की, माउली," आणि पुढं जातील. मागून अख्खी दिंडी येत असते, त्यांना थांबता येत नाही.

५. इतिहास अर्धाच सांगा.

"पूर्वी कुठं होतं हे ऑटो?" हे वाक्य पाठ असू द्या. जोडीला स्टीव्ह मॅकरीचं नाव घ्या. त्यांनी १९८४ साली हिरव्या डोळ्यांच्या त्या अफगाण मुलीचा फोटो निकॉन एफएम२ वर काढला, आणि त्या कॅमेऱ्यात सगळं हातानं लावावं लागायचं. इथं थांबा. त्या कॅमेऱ्यात 'ए' मोडच नव्हता, त्यामुळं निवडायचा प्रश्नच नव्हता, हे सांगत बसू नका. पेंटॅक्सनं १९७१ मध्येच अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीचा कॅमेरा बाजारात आणला होता, हेही नको. निकॉनचा एफ३ हा खास व्यावसायिकांसाठी केलेला कॅमेरा १९८० साली आला तोच 'ए' मोड घेऊन, हे तर मुळीच नको. आणि ज्या लायकाचं नाव घेताना तुमचा आवाज हळवा होतो, तिनंही २००२ मध्ये एम७ काढताना हाच मोड घातला. तो 'एम' मॅन्युअलचा नव्हे.

'सनी सिक्स्टीन' मात्र जरूर पाठ करा: लख्ख उन्हात भोक एफ/१६ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१०० सेकंद. फिल्मच्या जमान्यात लोक मीटरविना याच हिशेबावर फोटो काढत आणि ते नीट येत. नियम अस्सल आहे. कोकणात जून ते सप्टेंबर तो कपाटात ठेवावा.

६. 'ए'वाल्याची फजिती हेरून ठेवा.

त्याचाही पाय घसरतो, आणि तोच तुमचा दिवस. विसर्जन मिरवणुकीत अंधार पडलेला असतो, ढोलपथक रंगात आलेलं असतं, आणि पठ्ठ्या सकाळचाच एफ/८ आणि आयएसओ १०० घेऊन उभा असतो. कॅमेरा बिचारा सांगितलं तेवढं ऐकतो: भोक लहान, आयएसओ कमी, म्हणून शटर अर्ध्या सेकंदावर उतरतो. टिपरू दिसत नाही, हात दिसत नाही, ताशावाला दोन ठिकाणी दिसतो. उपाय सोपा आहे: भोक उघडा, आयएसओ वाढवा, किंवा ऑटो आयएसओमध्ये शटरची खालची मर्यादा १/२५० बांधून द्या. पण हे त्याला सांगायचं नाही. त्याला सांगायचं, "म्हणून म्हणतो, मॅन्युअलवर या."

७. लग्नाचं काम घेऊ नका.

मंगलाष्टकं चालू, अंतरपाट धरलेला, व्हिडिओवाल्याचा दिवा कधी नवरीवर तर कधी मामांच्या टकलावर. शेवटचं 'सावधान' होतं, अक्षता पडतात, आणि त्या दुसऱ्यांदा पडत नाहीत. लग्नांवर घर चालवणाऱ्या फोटोग्राफरला त्या क्षणी मोड विचारून पाहा. तो म्हणेल, "साहेब, जरा बाजूला व्हा."

८. नाट्यगृहात मात्र बिनधास्त जा.

इथं आम्ही नाइलाजानं थोडं खरं बोलतो. मागं काळा पडदा, नटाच्या चेहऱ्यावर एकच स्पॉट. चौकटीत काळंच जास्त, म्हणून 'ए' मोड उजेड वाढवतो आणि चेहऱ्याचा कागद होतो. इथं 'एम' हवा. परवानगी काढून, तालमीत किंवा प्रवेशाच्या सुरुवातीला दोन-तीन फोटो काढून पाहा, चेहरा नीट दिसला की आकडे तिथंच सोडा. दिवाळीच्या आतषबाजीलाही तसंच: ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८ किंवा एफ/११, शटर दोन-चार सेकंद. कोजागिरीचा चंद्र आजूबाजूच्या काळोखाकडं न पाहता एफ/११ आणि १/१०० ला आयएसओ १०० वर काढा, कारण चंद्रावर पडलेलं ते ऊनच असतं. स्टुडिओतले फ्लॅश, एकाला एक जोडून करायचे लांबलचक देखावे, सगळीकडं तेच.

नीट पाहिलंत तर या सगळ्या जागी प्रकाश एका जागी बसलेला असतो किंवा मीटरला तो कळत नसतो, आणि आकडे एकदा लावून विसरायचे असतात. म्हणजे 'एम'चा खरा उपयोग चाकांना हात न लावण्यासाठी आहे. सतत चाकं फिरवणाऱ्या आपल्या पंथाला हे परवडणारं नाही, तेव्हा हा परिच्छेद कापून टाका.

९. फोटो बिघडला तर.

काळा आला, तर 'मूड' म्हणा. पांढराफट्ट आला, तर 'हाय की'. दोन्ही जमेना, तर कृष्णधवल करा. कुणी फारच खोलात गेलं, तर "रॉमध्ये आहे, बसून काढीन कधीतरी," एवढं म्हणून चहा मागवा.

आणि एक धोका. प्रत्येक फाइलच्या पोटात एक्झिफ नावाची नोंद असते. भोक, शटर, आयएसओ आणि मोडसुद्धा तिथं लिहिलेला असतो. घाईत डायल 'ए'वर गेली असेल, तर ती नोंद पुसून मगच फोटो पुढं धाडा. कागदावर छापून भिंतीवर लावलेल्या फोटोत मात्र मोड दिसत नाही. वर्षानुवर्षं केलेली तुमची तपश्चर्या तिथं कुणाला कळणार नाही. लोक म्हणतील, "हे आजोबा कुणाचे हो? छान हसतायत."

यावर आम्हाला अजून उपाय सापडलेला नाही. फोटोखाली चिठ्ठी लावून पाहा.

बाकी, रविवारी निघण्याआधी रात्री बॅटरी चार्जिंगला लावायला विसरू नका. एफएम२ ला फक्त मीटरपुरती बॅटरी लागायची, तुमच्या कॅमेऱ्याला शटर उघडायलासुद्धा लागते, मग डायल कुठंही असो.