खेळातून अक्षरओळख : सोलापूरच्या पालकांसाठी काही कडक नियम

मुलाला अक्षरे खेळातून शिकवायची, असे एकदा ठरले की घरातली सगळी मोठी माणसे गंभीर होतात. तिथूनच खेळाला सुरुवात झाली असे समजावे. बाजारातून रंगीत तक्ता आणावा आणि तो मुलाच्या नव्हे, पाहुण्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. सोबत फूटपट्टी घ्यावी. फूटपट्टी तक्त्याला लावली तर खेळ, मुलाला दाखवली तर अभ्यास. हा फरक घरात सर्वांना नीट समजावून सांगावा.

आरंभ अर्थात ‘क’पासून. आपली वर्णमाला मोठी शिस्तीची आहे. क घशाकडून निघतो, च टाळूला टेकतो, ट मूर्ध्याला, त दातांना, आणि प ओठांशी येऊन थांबतो. लेकरू मात्र हीच वारी उलट्या बाजूने करते. त्याला आधी ओठ सापडतात, म्हणून मम्मा, पप्पा, बाबा. घशापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून दोन वर्षांच्या पोराचा काका बरेच दिवस ‘ताता’ असतो आणि गाडी ‘दाडी’ असते. यावरून नियम असा निघतो की जे अक्षर त्याला उशिरा जमते तेच आधी विचारावे, आणि शक्यतो खुद्द काकांसमोर विचारावे.

क कमळाचा. कमळ त्याने दोनच ठिकाणी पाहिलेले असते, तक्त्यावर आणि निवडणुकीत भिंतीवर. एखादे पोर ‘क कडक भाकरीचा’ म्हणेल; त्याला तिथल्या तिथे अडवावे. जी वस्तू रोज ताटात येते, दाताखाली मोडताना स्वतःच आपले अक्षर म्हणून दाखवते, तिला तक्त्यावर जागा दिली तर उद्या शेंगाचटणीही हक्क सांगेल.

च पाशी जरा जपून. एका तक्त्यावर चमचा असतो, दुसऱ्यावर चिमणी. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एक, आवाज दोन. जेवण आणि जागा, झेंडा आणि झाड यांचीही तीच गत. मुलाला हा फरक ऐकू येतो. आपल्याला चाळीस वर्षांत ऐकू आलेला नसतो. त्याने विचारलेच, तर ‘जास्त शहाणा आहेस’ हे उत्तर सगळीकडे चालते. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातले पोर मात्र विचारतही नाही. तेलुगूत हे दोन्ही च आहेत. ‘खूप’ या अर्थाचा ‘चाला’ ते चमच्याच्याच च ने म्हणते. तेलुगू लिपीत एके काळी त्या आवाजाला वेगळे चिन्हही होते, आपण ते कधी काढले नाही. एवढी तयारी असलेल्या पोराच्या वहीवर ‘मराठी कच्चे’ असा शेरा मारायला विसरू नये.

ळ चे तसेच. ळ ने मराठीत शब्द सुरू होत नाही, त्यामुळे तक्त्यावर त्याला नेहमी दुसऱ्याच्या शेपटाला धरून यावे लागते. सोलापुरात त्याच्यामागे मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषा उभ्या आहेत. तरीही मोबाइलवरची हिंदी कार्टूने महिनाभर दाखवली की शाळेची ‘शाला’ होते. खर्च काही नाही, रोज जेवताना मोबाइल समोर ठेवला की पुरे.

आता ब. नातू दीड वर्षाचा असताना शेजारच्या अव्वा दारात उभ्या राहून ‘बा, बा’ म्हणाल्या की तो धावत सुटायचा. मी नातेवाइकांना फोन करून कळवले की पोराला ब चा ध्वनी ओळखता येतो. पुढे दोन महिन्यांनी समजले की कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ‘ये’, आणि अव्वांच्या हातात लाडू असायचा. पुन्हा फोन करून दुरुस्ती कळवण्याची प्रथा आमच्यात नाही.

इंग्रजी माध्यम घेतले असेल तर फोनिक्स आलेच. इंग्लंडात १९९२ साली निघालेल्या जॉली फोनिक्समध्ये ४२ ध्वनी आहेत आणि प्रत्येकाला एकेक हावभाव आहे. पहिला ध्वनी स, त्यासाठी हात सापासारखा वळवायचा. ॲ साठी दंडावर मुंग्या चढल्यासारखी बोटे नाचवायची. इंग्रजांची गरज खरी आहे. त्यांच्या ‘एच’ या अक्षराच्या नावात ह चा पत्ता नाही. आपल्याकडे क चे नाव क च आहे. ही सोय फुकट मिळते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. आमचा नातू एका संध्याकाळी दंडावरच्या मुंग्या झटकत ‘ॲ, ॲ, ॲ’ करू लागला, तेव्हा आजीने आधी मुंग्या शोधल्या आणि मग मीठमोहऱ्या ओवाळल्या. हा ॲ सुद्धा आता परका नाही, शासनाने २००९ साली त्याला ऑ सकट मराठी वर्णमालेत घेतले आहे. पण हे आजीला सांगायची हिंमत कोण करणार?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते आसपास मिळणारे खडे, शिंपले, पाने, बिया घेऊन. अशांच्या नादी लागू नये, खरेदीला वावच राहत नाही. मॉन्टेसरीबाई मुलांना खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायला लावत. आमच्या पणजोबांकडे त्याआधीपासून धूळपाटी होती. धूळ विकत आणू नये. मे महिन्यात सोलापुरात दुपारी खिडकी उघडी ठेवली की पाटी आपोआप तयार होते.

शेवटचा खेळ, ‘ओळखा पाहू’. मोठ्याने म्हणावे, ‘मला एक वस्तू दिसते, प ने सुरू होणारी.’ आपल्या मनात पंखा असावा. नातू म्हणेल, ‘पाणी.’ पाणी इथे दिसत नाही, म्हणून चूक. तो पुन्हा म्हणेल, ‘आज्जा, पाणी.’ पुन्हा चूक, आणि उत्तर दोनदा दिल्याबद्दल एक गुण कमी. तिसऱ्यांदा तो रडेल. तेव्हा खेळ रंगला असे समजून सूनबाई येण्याआधी आवरता घ्यावा.

जेवणाची वेळ होते. मोठी माणसे थकून जेवत असतात, कोणी काही शिकवत नाही. ताटात शेंगाचटणी पसरलेली असते आणि पोर तिच्यात बोट फिरवत असते. एक आडवी रेघ, खाली अर्धा गोल, ट झाला. त्याला कोणी ट म्हणत नाही, म्हणून ते बोट चाटते. ‘स्स्स…’ मग तोंड उघडून ‘हाऽ…’ आणि मग ‘जळतंय!’ स, ह, आणि जळण्यातला ळ. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत हाच क्रम आहे. फूटपट्टी आणायला उठू नये. आता ते ‘पाणी’ म्हणेल, आणि तांब्या आपल्याच हाताशी असेल.