क्लायंट घरातच आहे

विंडोजवर डॉटनेट आणि ओरॅकल यांचा संसार ज्यांनी मांडून दिलाय, त्यांना एक तक्रार तोंडपाठ असते : ओरॅकल क्लायंट ८.१.७ किंवा त्यापुढचा हवा. सर्व्हरवर तर ९.२ बसवलेला असतो. आठापेक्षा नऊ मोठे, हे पहिलीतलं पोरही सांगेल. एरर मात्र ऐकत नाही. मग रीतीप्रमाणे उपचार सुरू होतात. सर्व्हर रीस्टार्ट. क्लायंट काढून पुन्हा बसवणे. पुन्हा रीस्टार्ट. रात्री अकराला चहा.

दुखणं असतं फोल्डरच्या परवानगीत. विंडोज सर्व्हर २००३ वर वेबसाइट चालवतो 'नेटवर्क सर्व्हिस' नावाचा गरीब जीव. सुरक्षेसाठी त्याला मुद्दामच कमी अधिकार दिलेले. ओरॅकल होमच्या फोल्डरमध्ये वाचायची नि चालवायची मुभा नसली, की त्याला आतली ओसीआय डीएलएल ही क्लायंटची फाइल उघडता येत नाही. ती उघडली नाही म्हणजे आवृत्ती कळली नाही, आणि कळली नाही त्याअर्थी जुनीच असणार! मंगल कार्यालयाच्या दारातच अडवलेल्या पाहुण्याने घरी येऊन 'जेवणच केलं नव्हतं त्यांनी' असं सांगावं, तसा हा प्रकार.

ॲडमिनची तऱ्हा वेगळीच. तक्रार त्यांच्याकडे गेली की ते स्वतः लॉगिन करतात, एसक्यूएल प्लस उघडतात, क्वेरी मारतात. उत्तर खाडकन हजर. "माझ्याकडे चालतंय की हो." चालणारच! ज्याला कुठेच मज्जाव नाही, त्यालाच आपण मज्जाव शोधायला बसवतो.

खरं काय ते सांगतो 'प्रोसेस मॉनिटर' नावाचा प्रोग्रॅम. कोणी कुठली फाइल मागितली आणि काय उत्तर मिळालं, याची ओळीने नोंद. हजारो ओळींच्या गर्दीत कुठेतरी 'ॲक्सेस डिनाइड' हे दोन शब्द बसलेले असतात. हे आधी पाहावं, एररचा मजकूर नंतर वाचावा, असं माझं मत आहे.

उपाय तर त्याहून मजेचा. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये 'ऑथेंटिकेटेड यूजर्स'पुढे 'रीड अँड एक्झिक्यूट'ची खूण बऱ्याचदा आधीच असते! ती काढायची, अप्लाय करायचं. पुन्हा लावायची, पुन्हा अप्लाय. तेव्हा कुठे वरची परवानगी खालच्या फोल्डरांपर्यंत झिरपते. एवढं करून वर रीस्टार्ट आहेच. साहेबांना यातलं काहीही समजावून सांगायला जाऊ नये.

लिनक्सवाल्यांनी मात्र हसू नये. एसक्यूलाइटची फाइल लिहिण्याजोगी असते, पण लिहिताना तिला शेजारी एक जर्नल फाइल तयार करायची असते, आणि फोल्डर म्हणतो, इथे नवीन काही ठेवायचं नाही. डेटाबेस उघडत नाही, असा बोभाटा होतो. तेव्हा कुणीतरी शांतपणे सगळ्यांना सगळी मुभा देणारं सीएचमॉड ७७७ मारतो. एरर जातो, टाळ्या पडतात, आणि सोमवारी सिक्युरिटीवाले येतात.