भांडणाविना २९० किलोमीटर

सायकलवर बसून भांडायची कला मी वयाच्या दहाव्या वर्षी लक्ष्मी रोडवर शिकलो. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर, डावा हात ब्रेकवर आणि उजवा हवेत. समोर रिक्षा असो, टेम्पो असो की नवरदेवाचं घोडं, वाक्य पूर्ण होईपर्यंत सायकल पडता कामा नये. पन्नास वर्षांच्या या साधनेचा अमेरिकेत काडीचाही उपयोग होणार नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नाही.

पुतण्या पिट्सबर्गला असतो. "काका, पाच दिवस सायकल चालवू. सगळ्या वाटेवर एकही गाडी नाही," तो म्हणाला.

"का? रस्ता बंद आहे?" मी विचारलं.

बंद नव्हता. तो मुळात गाड्यांसाठी नव्हताच. ग्रेट अलेगेनी पॅसेज हे त्याचं नाव. पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत २४० किलोमीटर. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ उचलले आणि त्या जागी चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवला. कंबरलँडला ही वाट संपते तिथेच जुन्या चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट सुरू होते आणि ती आणखी २९७ किलोमीटर चालत थेट वॉशिंग्टनला पोहोचते. आम्ही पहिली वाट पूर्ण आणि दुसरीचा थोडा तुकडा करायचा, पॉ पॉ नावाच्या बोगद्यापर्यंत, असं ठरलं. म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटर. सौभाग्यवतींनी हा आकडा ऐकला आणि पिट्सबर्गच्या वेंकटेश्वराच्या देवळाची वेळ विचारून घेतली.

खडीवर चालवायची सायकल वेगळी असते, हेही मला नवीन होतं. आमच्या दूधवाल्याची एकच सायकल डांबर, खडी, चिखल आणि पालखीची गर्दी या सगळ्यांतून चाळीस वर्षं गेली. पुतण्याने माझ्यासाठी भाड्याने आणलेल्या सायकलला टायर जाड होते, हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं होतं, आणि बाकी काहीच नव्हतं. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, घंटी नाही. पुण्यात एवढं सगळं चोरीला जायला रात्रभर सायकल मंडईत सोडावी लागते. इथे कारखान्यातच काढून घेतात आणि वर त्याचे जास्त पैसे लावतात.

"घंटी का नाही?"

"तोंडाने सांगायचं, काका. मागून पुढे जाणारा म्हणतो, ऑन युअर लेफ्ट."

हे त्याने अर्धवट सांगितलं. उरलेलं अर्धं मला शहराबाहेर मोनोंगहेला नदीच्या काठी कळलं. मागून एका बाईंचा गोड आवाज आला, "ऑन युअर लेफ्ट!" डावीकडे म्हटल्यावर भारतीय माणूस काय करणार? मी मुकाट डावीकडे सरकलो. बाई सायकलसकट गवतात गेल्या. मी पाय टेकवला, उजवा हात हवेत नेला, आणि तेवढ्यात बाईच उठून म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी!" वर मला कुठे लागलं का, तेही विचारलं. हात तसाच हवेत राहिला. शेवटी मी तो टाटा करून संपवला.

"इथे उजवीकडून चालतात," पुतण्या म्हणाला. "मागचा माणूस तुमच्या डावीकडून जातोय, एवढंच तो सांगतो. तुम्ही जायचं नाही." पुढच्या दोन दिवसांत मी आणखी चौघांना गवत दाखवलं. चौघांनीही माफी मागितली.

होमस्टेडला वाटेजवळ विटांच्या धुराड्यांची एक रांगच्या रांग उभी दिसली. खाली कारखाना नाही, दुकानं आहेत. १८९२ साली इथल्या पोलाद कारखान्यात संप झाला होता आणि नदीतून पडावांवरून आणलेल्या भाडोत्री पहारेकऱ्यांशी कामगारांची गोळीबारासकट लढाई झाली होती. म्हणजे या खोऱ्यात भांडणाची परंपरा अगदीच नव्हती असं नाही. तो कारखाना १९८६ साली बंद झाला. त्याच वर्षी वर डोंगरात ओहायोपाइल गावापाशी या सायकलवाटेचा पहिला तुकडा खुला झाला. शेवटची फट बुजून वाट पिट्सबर्गशी सलग जोडली जायला २०१३ साल उजाडलं. ज्या रुळांवरून या भट्ट्यांचा कोळसा यायचा, त्यावरून आता माझ्यासारखा पेन्शनर चणे खात जातो.

मग नदी बदलली. नकाशावर तिचं नाव वाचताना माझी जीभ तीन ठिकाणी अडखळली. "योघियोघेनी?" पुतण्या हसला. "यॉकागेनी." इंग्रजी स्पेलिंगवर माझा विश्वास शाळेपासून नव्हताच. मी तिचं सरळ योगिनी करून टाकलं. नदीनेही हरकत घेतली नाही. डाव्या हाताला ती, उजव्या हाताला डोंगर, डोक्यावर मेपल आणि ओकच्या फांद्यांचा मांडव, खाली टायरचा बारीक कुरकुर आवाज, ताज्या पापडासारखा. काही ठिकाणी डोंगरातून गंजासारखं लालभडक पाणी झिरपत होतं. जुन्या कोळशाच्या खाणींतलं लोखंड अजून बाहेर येतं. बाकी हिरवं, हिरवं आणि हिरवं.

पहिला तासभर मला फार छान वाटलं. दुसऱ्या तासाला बेचैनी सुरू झाली. मागे वळून पाहायचं कारण नाही. पुढच्याची मान पाहून तो कुठे वळणार हे ओळखायचं नाही. पाणी साचलेल्या खड्ड्याची खोली बसच्या चाकावरून जोखायची नाही. माझ्या मेंदूचा निम्मा भाग एकदम रिकामा झाला आणि त्यात १९८४ सालच्या ऑफिसातल्या गोष्टी येऊन बसल्या. एका ठिकाणी आमची वाट गावातल्या छोट्या रस्त्याला आडवी गेली. एक भलाथोरला ट्रक मला पाहून थांबला. तो कोणासाठी थांबला हे पाहायला मी मागे वळलो. मागे कोणीच नव्हतं.

दुसऱ्या रात्री ओहायोपाइलला मला पहिल्यांदा गाढ झोप लागली. कारण असं की योगिनीच्या पलीकडच्या काठाची रेल्वे अजून चालू आहे. मालगाडी आली की डोंगरापासून डोंगरापर्यंत भोंगा वाजवत जाते आणि डबे मोजता मोजता माणूस शंभराच्या पुढे जातो. पुतण्याने रात्रभर कूस बदलली. मी मात्र रेल्वेलाईनशेजारच्या मावशीकडे सुट्टीत झोपायचो तसा झोपलो.

इथून सहा-सात किलोमीटरवर फ्रँक लॉइड राइटने धबधब्यावर बांधलेलं जगप्रसिद्ध घर आहे. त्याच्या मालकानेच त्याला सात बादल्यांचं घर म्हटलं होतं, इतकं ते गळायचं. आमच्या वाड्याला पावसाळ्यात अकरा लागायच्या. त्यामुळे मला ते पाहायची ओढ नव्हती. पण तिथे जायचा रस्ता गाड्यांचा आहे हे कळल्यावर मी एकदम उत्साहाने शिरस्त्राण चढवलं. पुतण्याला माझा हेतू कळला असावा. "परत कधीतरी," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी वाटेच्या कडेला मला बेल दिसला. तीन पानं, एका देठाला, तुकतुकीत. परक्या मुलखात शंकराने दर्शन द्यावं यासारखं भाग्य नाही. चप्पल काढायच्या बेतात मी हात पुढे केला, आणि पुतण्याने मला कॉलर धरून मागे ओढलं. ती पॉइझन आयव्ही होती. तिच्या चिकाने अंगावर असे फोड उठतात की माणूस आठवडाभर खाजवतो. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ती आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातली. दिसायला बेल, गुणाने बिब्बा. असे लोक मी ऑफिसात पुष्कळ पाहिले आहेत, झाड पहिल्यांदाच पाहिलं.

मग चढ. या वाटेचं मोठेपण असं की तो चढ आहे हे डोळ्यांना दिसत नाही, फक्त मांड्यांना कळतो. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, म्हणून ज्याने मार्ग आखला त्याने तो नदीच्या कलाने वर नेला. कुठेही शंभराला दोनपेक्षा जास्त नाही. आपल्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे आणि गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं. मला मागून पुतण्या लावला होता. कॅसलमन नदी, मायर्सडेलजवळचा ५८० मीटर लांबीचा उंच पूल, मग कंटाळा यावा इतकी झाडं, आणि अखेर २,३९२ फुटांवर पाणलोटाची सीमा. या बाजूला पडलेला पाऊस मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातो, त्या बाजूचा अटलांटिकमध्ये. मी उरलेलं अर्धी बाटली पाणी दोन्हीकडे सारखं वाटून दिलं. पुढचं पाणी बरंच लांब होतं, हे मला नंतर सांगण्यात आलं.

बिग सॅव्हेजचा बोगदा ओलांडला आणि पुढे सगळा उतार. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडच्या मधली मेसन-डिक्सन रेषा वाटेवरच आखून ठेवली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून मी फोटो काढला, कारण सगळेच काढत होते. माथ्यापासून कंबरलँड ३८ किलोमीटर. त्यात मी पेडल किती वेळा मारलं ते हाताच्या बोटांवर सांगता येईल. त्या उतारावर मी एका कासवाला मागे टाकलं. "ऑन युअर लेफ्ट," मी रीतसर म्हणालो. कासव जागचं हललं नाही. नियम त्यालाही माहीत होता.

कंबरलँडनंतर चुनखडी संपली आणि माती, मुळं आणि डबकी सुरू झाली. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. हा कालवा १८२८ साली ४ जुलैला खणायला घेतला. त्याच दिवशी बाल्टिमोरला रेल्वेचीही सुरुवात झाली. रेल्वे कंबरलँडला १८४२ साली पोहोचली, कालवा १८५० साली. तरी त्याने १९२४च्या पुरापर्यंत धंदा केला. खेचरं काठाने चालायची, मागून दोराने नाव ओढली जायची. त्या खेचरांच्या पायवाटेवरून आम्ही चाललो होतो, साधारण त्यांच्याच वेगाने. झाडांखाली पॉ पॉची पिकलेली फळं पडली होती. पुतण्याने एक फोडून दिलं. पिवळा मऊ गर, मोठ्या काळ्या बिया. मी खाल्लं आणि पुण्याच्या मंडईत जाऊन पोहोचलो. पॉ पॉ सीताफळाच्याच कुळातलं आहे. बिब्ब्याकडचे भेटले होते, आता सीताफळाकडचे भेटले.

आणि मग बोगदा. ९५० मीटर लांब, आत साठ लाखांहून जास्त विटा. दोन वर्षांत होणार होता, चौदा लागली. कंत्राटदार कर्जात बुडाला, मजुरांचे पगार थकले, दंगली झाल्या. हे ऐकताना माझा ऊर भरून येत होता. त्याहून गोड गोष्ट पुढे. आत एका वेळी एकच नाव मावायची. एकदा म्हणे दोन नावा मधोमध समोरासमोर आल्या आणि दोन्ही नाखवे अडून बसले. तू मागे घे, तू मागे घे. असे कित्येक दिवस गेले. दोन्हीकडे नावांची रांग लागली. शेवटी कालव्याच्या माणसाने वाऱ्याच्या तोंडाला मक्याची ओली ताटं पेटवली आणि धूर करून दोघांना बाहेर काढलं.

मी बोगद्याच्या तोंडाशी हात जोडले. पाच दिवसांत पहिल्यांदाच माझ्या जातीचे लोक भेटले होते.

आत मिट्ट काळोख. सायकली हातात धरून चालायचं. एका बाजूला ओली भिंत, दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा, त्याखाली काळं पाणी. वाट एका माणसापुरती. निम्मं अंतर गेलं आणि समोरून एक दिवा आला. मी थांबलो. दिवाही थांबला. हीच ती जागा. माझ्या अंगात दीडशे वर्षांपूर्वीचा नाखवा संचारला.

दिव्यामागून सत्तरीच्या एक आजीबाई निघाल्या, सामान लादलेल्या सायकलसह. "ओह, आय ॲम सो सॉरी," त्या म्हणाल्या, आणि खरोखरच सायकल उलटी ढकलत पावणेपाचशे मीटर मागे जायला लागल्या! हे मला कसं बघवेल? "नो नो, आय बॅक," म्हणत मीही मागे सरकू लागलो. माझं मागचं चाक कशावर तरी चढलं. तो पुतण्याचा पाय होता.

"अहो काका, बघा की मागे! एवढी घाई कसली?"

साठ लाख विटांनी ते तीनदा म्हणून दाखवलं. पाच दिवसांत माझ्यावर कोणीतरी खेकसलं होतं, आणि तेही मराठीत. पायी भांडायची मला सवय नाही, म्हणून आधी सायकलवर टांग टाकली. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर, डावा हात ब्रेकवर आणि उजवा हवेत.