कुणीही मारा, पण एक गोल मारा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेल्या माणसाला फुटबॉलमध्ये तटस्थ राहता येतं, हेच मुळात माहीत नसतं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर टेकायच्या आधी तालीम ठरलेली असते. पाटाकडील की खंडोबा, एवढं कळलं की लोक सरकून जागा देतात, नाहीतर नुसतेच बघतात. त्यामुळे शेफील्डमधल्या आमच्या घरमालकांनी "शनिवारी मॅचला येतोस का?" म्हटल्यावर मी विचारलं, "तुमची टीम कुठली?"

"कुठलीच नाही. मैदान करायचंय."

हे गृहस्थ ग्राउंडहॉपर. मैदानं 'करतात', आपल्याकडे किल्ले करतात तसे. इंग्लंडच्या वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब. त्या सगळ्यांच्या मैदानांवर मॅच पाहून झालेल्यांचा 'नाइंटी-टू क्लब' १९७८पासून आहे. पण तिथं थांबणारे कच्चे. पक्का हॉपर त्याखालच्या नॉन-लीगमध्ये उतरतो, आणि त्याला तळ नाही.

शिवाय प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. कुणाला छापील प्रोग्राम मिळाल्याशिवाय मैदान झाल्यासारखं वाटत नाही. २०१८ साली लीगने प्रोग्राम छापण्याची सक्ती उठवली, तेव्हापासून ही मंडळी सुतकात आहेत. आमच्या मालकांचं सोवळं याहून कडक: ०-० झाली तर मैदान धरायचं नाही. घरापासून बसने जाण्याच्या अंतरावर असलेलं सँडीगेट नेमकं असंच बाद झालं होतं. म्हणून पुन्हा.

"अहो, पाऊस पडतोय, आणि टीव्हीवरसुद्धा नाही ती मॅच," बायको म्हणाली. तिचं दोन्ही बाबतीत बरोबर होतं.

सँडीगेट हे जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान, अशी गिनीजची नोंद आहे. २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलम आणि शेफील्ड हे क्लब इथे भिडले आणि शेफील्ड दोन गोलांनी जिंकलं. हॅलम आजही इथेच खेळतं. एवढ्या वर्षांत मैदान सपाट करायला कुणाला सवड झाली नाही, हे मात्र पाहताक्षणी कळतं. उतार चांगला नजरेत भरतो.

सामना एफए कपचा. मेमध्ये वेम्ब्लीवर संपणारी ही स्पर्धा ऑगस्टमध्ये असल्या मैदानांवर सुरू होते. सातशेहून जास्त क्लब असल्यामुळे 'पहिली फेरी' येण्याआधी सहा फेऱ्या होतात. हिशोब समजावून घ्यायला गेलो तेव्हा मालक म्हणाले, "तो विषय नाही. एक गोल झाला पाहिजे."

"कुणाचा?"

"कुणाचाही!"

शिवाजी पेठेत हे वाक्य बोलून माणूस घरी धड पोचला नसता.

मी मात्र पक्ष शोधू लागलो. चहाच्या खिडकीवरच्या आजींनी "दूध हवं का, लव्ह?" असं विचारलं आणि निकाल लागला: आपण हॅलमचे. वीस मिनिटांत मी कठड्याला रेलून "अरे हाण की!" ओरडत होतो. माझ्या पुढ्यातल्या म्हाताऱ्याच्या कुत्र्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने पाहिलं नाही. इंग्लंडमध्ये नापसंती कुत्र्यामार्फत कळवतात.

मालकांची अवस्था वेगळीच. चेंडू कुठल्याही गोलकडे गेला की ते चवड्यांवर उभे राहायचे. दोन्ही बाजूंनी इतकं कळकळीने खेळणारा माणूस मी पाहिला नव्हता. मध्यंतराच्या जरा आधी पाहुण्यांनी कॉर्नर घेतला. गोलकीपरच्या हातून ओला चेंडू निसटला, कुणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि आत गेला. माझ्या तोंडून अस्सल कोल्हापुरी शिवी गेली. मालकांनी डोळे मिटून श्वास सोडला, वही काढली आणि सँडीगेटपुढे बरोबरची खूण केली.

त्यानंतर त्यांनी मॅचकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. स्टँडचे खांब चाचपून पाहिले, दगडी भिंतीचे फोटो काढले, फ्लडलाइटचे खांब मोजले. उत्तरार्धात हॅलमने बरोबरी साधली, तेव्हा ते स्वच्छतागृहाच्या पाटीसमोर उभे होते. शेवटच्या दहा मिनिटांत हॅलमने दुसरा मारला, तेव्हा मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. तोही बिचारा हॉपरच निघाला.

शिट्टी झाल्यावर मालक आले. माझा घसा गेला होता, डोळे भरून आले होते. त्यांनी वही उघडली, पेन झटकलं आणि अगदी आस्थेने विचारलं, "शेवटी किती-किती झाले? आणि निळे ते कोण?"