नियमात बसणारं व्यसन

निमगाव केतकीच्या टपरीवर उभा असलेला माणूस कायदा मोडत नाही, हे आधी मान्य करा. सार्वजनिक जागी धूर काढला तर दोनशे रुपयांपर्यंत दंड, हे त्याला पाठ आहे. म्हणून तो धूर काढतच नाही. तळहातावर तंबाखू घेतो, नखाने चुना लावतो, अंगठ्याने मळतो, दोन थापा मारून भुकटी उडवतो आणि ओठाखाली बार भरतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरात चारही भरले नाहीत. बिनधुराची तंबाखू घेणारे मात्र चोवीस निघाले. केवढी ही शिस्त! चुन्यामुळे निकोटीन गालातून झटपट रक्तात उतरतं, पण त्याला मनाई करणारी पाटी अजून रंगवलेली नाही. आजीची मिसरी तर थेट दंतमंजनाच्या खात्यात जमा.

गुटख्याचंही तसंच. जुलै २०१२ मध्ये राज्यात बंदी आली, तीही एका वर्षासाठी. मुदत संपली की नवा आदेश. तुकोबांची पालखी जशी आषाढीच्या वाटेवर निमगावला नेमाने येते, तशी ही बंदीही नेमाने येते. पालखी निदान पंढरपूरला पोचते. बंदी आल्यावर माल काउंटरवरून उठला आणि काउंटरखाली बसला. बंदी असलेली वस्तू राजरोस मांडून ठेवायची नाही, एवढा आदर सरकारला दाखवायलाच हवा. शाळेपासून शंभर यार्डांत विक्री नको म्हणता? टपरी एकशेएकाव्या यार्डावर. पुडीवर सडक्या तोंडाचं चित्र? म्हणून तर पुडी लगेच फाडून गटारात टाकतात. असलं अभद्र खिशात कोण बाळगणार!

हा पट्टा पानमळ्यांचा. शेवरी-पांगाऱ्यावर चढलेल्या नागवेलीला कुणी दोष देऊ नये. पान बिचारं वर गुंडाळलं जातं, गुन्हा आत असतो. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेला २००४ मध्ये पटलं. आपल्याला पटायला वेळ लागेल. सुपारीला आपण गणपती म्हणून पाटावर बसवतो. देवावर संशय कसा घ्यायचा?

त्याच २००४ साली शरद पवारांच्या तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. तंबाखू-सुपारीबद्दल कुणी वेळीच सावध केलं असतं तर, अशी खंत त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. बारामती-इंदापुरात साहेब जे बोलले नाहीत, त्याचाही अर्थ टपरीवर दिवसभर लावला जातो. हे एवढं स्पष्ट बोलले, तर कुणाला अर्थच लागेना.

असं नियमाला धरून चालता चालता एक दिवस गाल आतून ताठ होतो. साधी आमटी झोंबते, भाकरीचा तुकडा चिमणीच्या घासाएवढा करावा लागतो. मग दंतवैद्य म्हणतात, ‘आ करा. आपलीच तीन बोटं उभी आत घाला.’

एक बोट जातं. दुसरं अडतं.

‘डॉक्टर, पण मी आयुष्यात सिगारेट ओढली नाही हो,’ असं गृहस्थ दात न उघडता सांगतात. सगळे नियम पाळल्याचा दाखला देतात. डॉक्टरांचं एकच: तीन बोटं.

या नियमाला तेवढी पळवाट सापडलेली नाही. टपरीवर विचारविनिमय चालू आहे. बार भरल्याशिवाय सुचत नाही, म्हणून थोडा उशीर होतोय.