मचाणावर लाडवांसह

धामणगाव रेल्वेचा माणूस जागरणाला भीत नाही. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या रात्रभर उशाशी धडधडत असतात. एवढ्याच पात्रतेवर मी बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसायला नाव दिलं. त्या रात्री वनविभाग हौशी मंडळींना पाणवठ्याकाठी बसवतो आणि येईल ते जनावर कागदावर नोंदवायला लावतो. अत्तर नको, भडक कपडे नकोत, बोलणं तर नकोच, असं बजावलं होतं. बेसनाच्या लाडवांबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. बायकोने डबा गच्च भरून दिला.

सेमाडोहच्या बाजूच्या त्या मचाणावर सोबतीला एक वयस्क कोरकू वनमजूर होते. दुपारी वर चढताच मी त्यांचं प्रबोधन आरंभलं. मला रानपिंगळा पाहायचा होता. हे घुबड 1884 नंतर कोणाच्या हाती लागलं नव्हतं. माइनर्ट्झहेगन नावाच्या इंग्रज कर्नलने 1914 चा म्हणून मिरवलेला नमुना संग्रहालयातून चोरलेला निघाला. शेवटी 1997 साली पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळ तो जिवंत दिसला. पुढे मेळघाटातही सापडला. काका नुसते ‘हव’ म्हणत होते. बोलून दमल्यावर लाडू खाल्ले, आणि घुबड पाहायचं तर रात्री ताजंतवानं असावं म्हणून आडवा झालो.

उठलो तो चंद्र वर आलेला. मध्यरात्रीच्या सुमारास काका घोरू लागले. असं भयंकर घोरणं मी बडनेऱ्याच्या वेटिंग रूममध्येही ऐकलेलं नाही. कोपराने ढोसलं.

“मी नाई घोरून रायलो जी,” ते कुजबुजले. “खालतं पाहा.”

खाली वारुळावर अस्वल होतं. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, तेव्हा हा असा आवाज होतो. त्याची नजर यथातथाच, नाक मात्र भलतं तिखट. वाळवी सोडून ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि थेट डब्याच्या दिशेने हुंगू लागलं.

“काका, अस्वल झाडावर चढतं?”

“मस्त चढते जी.”

मी डबा पोटाशी धरून रामरक्षा पुटपुटू लागलो. काका नुसते खाकरले आणि अस्वल झुडपात गेलं.

सकाळी कागद भरताना ‘अस्वल 1’ लिहिलं. रानपिंगळ्याची जागा कोरीच राहिली.

“काल दुपारी त्या सागावर बसला होता जी,” काका म्हणाले. “लय येळ. तुमी झोपले होते.”

“मग उठवायचं नाही का?”

“बोलाले मनाई होती ना!”

रानपिंगळा दिवसा हिंडणारं घुबड आहे. माझ्या व्याख्यानात नेमकं एवढंच नव्हतं. पुढच्या बुद्धपौर्णिमेला नाव देणार असाल, तर दुपारी जागे राहा.